जिंजीचा वेढा आणि रविवारची मीटिंग

मी मुळात संशयी माणूस. माझ्या वडिलांनी याला सावधपणा म्हटलं असतं, बायको सरळ रोग म्हणते. विमानात शेजारचा गोड बोलायला लागला की माझा हात आपोआप पाकिटाकडे जातो. रियाधच्या बँकेत काढलेल्या वर्षांनी हा स्वभाव निवळला तर नाहीच, उलट त्याला चांगलं खतपाणी मिळालं.

ही गोष्ट ज्या वर्षाची, त्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या परदेशी खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत होत्या. सौदी माणसांना नोकऱ्या द्या, असा सरकारचा हुकूम होता. त्यात गैर काहीच नाही; भूमिपुत्रांना आधी, हे आपणही आपल्या गावात ओरडून सांगतोच. फक्त जाणारी खुर्ची आपल्या बुडाखालची असली की तोच न्याय जरा बोचतो. सप्टेंबरमध्ये माझा नंबर लागला. मुदीरने, म्हणजे आमच्या साहेबाने, केबिनमध्ये बोलावून एका तिशीतल्या सौदी माणसाची ओळख करून दिली. हा तुझ्या शेजारी बसेल, सगळं काम शिकेल, आणि आठवड्याच्या सुरुवातीच्या ज्या रविवारच्या मीटिंगमध्ये 'मी तयार आहे' म्हणेल त्या दिवशी तुझ्या फायनल एक्झिटचे, म्हणजे कायमचा देश सोडायचे, कागद सुरू होतील. साहेबाने हे इतक्या गोडीने सांगितलं की मी चक्क 'थँक यू' म्हणालो.

मला खुर्चीचा मोह नव्हता. खोटं कशाला बोलू, होता. पण त्या वर्षी त्याहून मोठी अडचण होती. माझी मुलगी बारावीत होती. माझी नोकरी गेली की माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना जाणार, आणि माझ्या इकाम्यावर टिकलेला बायको-मुलीचाही जाणार. परीक्षेसाठी मुलीची नोंदणी रियाधच्या शाळेतून झालेली. बारावीच्या मधेच भारतात कोणती शाळा तिला दारात उभी करणार होती? वर्ष फुकट गेलं असतं. मला पोरीचा शेवटचा पेपर होईपर्यंत, म्हणजे एप्रिलपर्यंत टिकायचं होतं. मग जे व्हायचं ते होवो.

ऑफिसात सगळे हसत हसत त्याला 'तुझा वारस' म्हणू लागले. वारस रोज सकाळी थर्मासमधून गहवा आणायचा, वेलदोड्याची ती कडू पिवळी कॉफी, आणि सोबत घरच्या बागेतले खजूर. मला 'उस्ताद' म्हणायचा, म्हणजे गुरुजी. माझ्या मनात पाल चुकचुकली. आयत्या बिळावर नागोबा येणार हे मी धरून चाललो होतो, पण बिळाच्या मालकाला गुरुजी म्हणून खजूर भरवणारा नागोबा मी पाहिला नव्हता.

त्यात तो नकाशाचा घोळ झाला. रियाधमधली आम्ही काही मराठी कुटुंबं शुक्रवारी कुणाच्या तरी घरी जमायचो. कुणी गायचं, कुणी नाटुकलं बसवायचं. मला दोन्ही येत नाही. मला येतात फक्त किल्ले. त्या महिन्यात मी जिंजीच्या वेढ्यावर बोलणार होतो आणि त्यासाठी नकाशा काढला होता. घरचा प्रिंटर बंद, म्हणून आपल्या लोकांच्या रिवाजाप्रमाणे ऑफिसच्या प्रिंटरवर छापायला टाकला आणि चहा आणायला गेलो. परत येतो तर वारस प्रिंटरपाशी उभा, हातात माझा नकाशा. तीन टेकड्या, तटबंदी, दरवाजे, तोफांच्या जागा, आत घुसणारे लाल बाण, बाहेरून येणारे काळे बाण, आणि सगळं त्याला न वाचता येणाऱ्या लिपीत.

"ही कुठली इमारत?" त्याने शांतपणे विचारलं.

परक्या देशात, बँकेच्या प्रिंटरवर, एका परदेशी माणसाने हल्ल्याचा आराखडा छापलेला. पुढचं सगळं मला तिथल्या तिथे दिसलं. मी घाईघाईने सांगितलं की हा तामिळ मुलखातला किल्ला आहे, तीनशे वर्षांपूर्वीचा, आमच्या स्वातंत्र्ययुद्धातला, आता तिथे फक्त माकडं आणि सहली येतात. त्याने मान डोलावली आणि विचारलं, हा कागद मी ठेवू का? नाही कसं म्हणणार? नाही म्हणालो असतो तर अजूनच संशय. त्याने घडी घालून थोबच्या, म्हणजे त्यांच्या त्या लांब पांढऱ्या झग्याच्या, खिशात ठेवला. घरी येऊन मी बायकोला म्हटलं, गेला पुरावा हातात. त्या रात्री मी कॉम्प्युटरवरचे सगळे किल्ले पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले नाहीत. वारस आला, नकाशा घेऊन. त्याचे वडील फौजेत होते, असं तो म्हणाला, आणि लहानपणी जेवताना घरी असलंच बोलणं चालायचं. मग त्याने लाल बाणांच्या मधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. वेढा असा अर्धा उघडा का? इथून तर बैलगाड्यासुद्धा आत जातील.

प्रश्न अगदी वर्मावरचा होता, आणि मला असा प्रश्न विचारला की मी स्वतःला आवरू शकत नाही. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी त्याला सगळं सांगितलं. आमचा राजा पकडून मारला गेलेला, राजधानी पडलेली, बादशहा स्वतः लाखोंची फौज घेऊन दख्खनेत ठाण मांडून बसलेला. अशा वेळी नवे महाराज वेष बदलून निसटले ते थेट दक्षिणेला, जिंजीला. लोकांना वाटतं पळून गेले. पळून नाही गेले. शत्रूला लांब ओढून नेलं. मोगलांची मोठी फौज तिकडे वेढ्यात अडकली, आणि इकडे मुलखातल्या मराठ्यांना श्वास घ्यायला वेळ मिळाला. वेढा म्हणजे दोन पोटांची शर्यत. आतल्याचं धान्य आधी संपतं की बाहेरच्याचं? जिंजीचा घेर एवढा मोठा की मोगलांना तो पुरता आवळता येईना, आणि आमचे घोडेस्वार बाहेरून येऊन त्यांचीच रसद तोडायचे. एकदा तर वेढा घालणारेच वेढ्यात सापडले आणि वाट द्या म्हणून गयावया करायची पाळी त्यांच्यावर आली. आठ वर्षं चाललं हे. शेवटी किल्ला पडला, पण महाराज त्याआधीच निसटले होते. मोगलांच्या हाती दगड लागले, वेळ आमच्या हाती राहिला. मी तर म्हणतो, लढाईचं पारडं तिथेच फिरलं.

तो ऐकत राहिला. मग मी त्याला त्या मोगल सेनापतीबद्दल सांगितलं. त्या काळीही लोक कुजबुजत की हा सेनापती मुद्दाम वेळ काढतोय. मनात आणलं असतं तर किल्ला कधीच घेतला असता. कुणी म्हणे आतून निरोप जात होते, कुणी म्हणे शेवटच्या हल्ल्याआधी त्यानेच महाराजांना सावध केलं. बादशहा म्हातारा झालाय, उद्या दख्खनेत आपलीच गादी मांडू, असा त्याचा हिशेब होता म्हणे. खरं खोटं तो जाणे.

"त्या सेनापतीला शिक्षा झाली?" वारसाने विचारलं.

म्हटलं, छे, उलट शाबासकी मिळाली. किल्ल्याला त्याच्या किताबाचं नाव दिलं.

"नशीबवान," तो म्हणाला आणि डबा बंद करून हात धुवायला गेला.

त्यानंतर तो रोज जेवताना जिंजीचं काहीतरी विचारायचा. मला आवडायचं, आणि आवडतंय हे लक्षात आलं की मी अधिकच सावध व्हायचो. आमच्या ओळखीचा एक रत्नागिरीकडचा मुसलमान चाचा होता, माणसं विमानतळावर पोचवायला त्याच्या दोन गाड्या होत्या. परत जाणाऱ्या कितीतरी कुटुंबांच्या बॅगा त्याने उचललेल्या. तो म्हणायचा की ज्याला ज्याला त्याने शेवटचं सोडलं, त्या प्रत्येकाने वाटेत हेच सांगितलं: माझ्या जागी आलेला माणूस फार चांगला होता हो, फार गोड बोलायचा. हे ऐकल्यावर मी गोडाचं प्रमाण कमी केलं. खजूर घ्यायचो, पण दोनाऐवजी एक.

आणि मी माझी रसद सांभाळली. परदेशात नोकरी केलेला आपला कुठलाही माणूस हे करतो, कबूल कुणी करत नाही. सगळं शिकवायचं, एक गोष्ट सोडून. माझ्याकडची ती एक गोष्ट होती वर्षअखेरची. त्या दिवशी शाखांचे आकडे मुख्य सिस्टिममध्ये ओतण्याआधी एक जुनाट प्रोग्राम हाताने बंद करावा लागे. तो चालू राहिला तर सगळ्या नोंदी दुप्पट होत. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ज्याने तो प्रोग्राम लिहिला तो केव्हाच देश सोडून गेला होता, आणि जाताना फक्त माझ्या कानात सांगून गेला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. डिसेंबरअखेर वारस तोंडावर आपटेल, मुदीरला माझी किंमत कळेल आणि एप्रिल आरामात गाठता येईल, असा माझा बेत होता.

दर रविवारी मीटिंग व्हायची. मुदीर शेवटी पेन ठेवून त्याला विचारायचा, काय, तयार? आणि तो खाली बघून म्हणायचा, अजून नाही. ऑक्टोबर गेला, अजून नाही. नोव्हेंबर गेला, अजून नाही. सुरुवातीला मी खूश होतो. पालथ्या घड्यावर पाणी, चला, बरंच झालं. बायको मात्र खूश नव्हती. तिचं म्हणणं, रोज एवढे प्रश्न विचारणारा माणूस मठ्ठ कसा असेल?

"अहो, कुठेतरी पाणी मुरतंय," ती म्हणाली. "तुम्ही त्याला घरातलं काही सांगू नका."

मी कशाला सांगतोय! पोरगी बारावीत आहे हे मी ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं. आपली नड शत्रूला कळली की संपलंच. घरून फोन आला की मी जागेवरच बसून मराठीत बोलायचो. मराठी म्हणजे आमची गुप्त भाषाच तिथे. पोरीचे प्रॅक्टिकल, क्लास, तिचं रडणं, बायकोचं रागावणं, सगळी चर्चा बिनधास्त. पोरगी आमच्या या सगळ्या व्यूहरचनेला कंटाळली होती. 'बाबा, यू आर सो पॅरनॉइड' म्हणून ती दार लावून घ्यायची.

मग वर्षअखेर आली, आणि नेमका त्याच दिवशी माझा मुतखडा उठला. कळा अशा की चालता येईना. दुपारी इमर्जन्सीत नेलं, सलाइन लावलं. मी पडल्या पडल्या छताकडे बघत होतो आणि खरं सांगतो, त्या कळांमध्येही मला थोडं बरं वाटत होतं. आता होईल तमाशा. आता मुदीरचा फोन येईल. मी फोन उशाशी ठेवला. तो वाजलाच नाही.

दोन दिवसांनी ऑफिसात गेलो तर सगळं शांत. नोंदी जागच्या जागी, एकही दुप्पट नाही. वारसाने गहवा ओतला, माझ्या मुतखड्याची चौकशी केली, पाणी जास्त पीत जा म्हणाला. मग सहज बोलल्यासारखं म्हणाला, "उस्ताद, तो जुना प्रोग्राम मी आधी बंद केला होता. काळजी करू नका."

याला कळलं कसं? कधी कळलं? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर मी लपवलं होतं हेच बाहेर आलं असतं. आता संपलं, असं मी धरलं. येत्या रविवारी हा 'तयार' म्हणणार आणि परीक्षेच्या तोंडावर आमचं बिऱ्हाड उठणार. घरी सांगितलं तेव्हा बायको ओट्याला टेकून उभी राहिली. पोरीने पहिल्यांदाच पॅरनॉइड म्हटलं नाही.

रविवार आला. मुदीरने पेन ठेवलं.

"अजून नाही," वारस म्हणाला.

आता मात्र माझी झोप उडाली. मठ्ठ माणूस 'अजून नाही' म्हणतो ते समजतं. सगळं येणारा माणूस 'अजून नाही' का म्हणतो? हा वेड पांघरून पेडगावला चालला होता, एवढं नक्की. पण पेडगावात त्याला काय मिळणार होतं? माझ्याकडून अजून काही काढायचंय? एखादी मोठी चूक माझ्या नावावर टाकायचीय, आणि ती होईपर्यंत मला इथे हवा आहे? तो नकाशा अजून त्याच्याकडेच होता, तो कुठे दाखवला? मी माझे पासवर्ड बदलले. त्याच्याशी जिंजी बोलणं बंद केलं. काही विचारलं की 'बिझी' म्हणायचो. तो खजुराची डबी माझ्या टेबलावर ठेवून जायचा, मी ती तशीच परत त्याच्या टेबलावर ठेवायचो. जानेवारी, फेब्रुवारी असेच गेले. मीटिंगमध्ये मुदीरचा आवाज चढायला लागला. एकदा तर त्याने सगळ्यांसमोर वारसाला अरबीत बरंच सुनावलं. त्यातलं 'सहा महिने' आणि 'लाज' एवढं मला कळलं. वारसाचे कान लाल झाले. तरी उत्तर तेच.

पोरीचे पेपर सुरू झाले. मी सकाळी तिला शाळेत सोडून ऑफिसला जायचो आणि रविवार आला की देव पाण्यात घालून मीटिंगला बसायचो. एकेक पेपर निघत गेला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, गुरुवारी, शेवटचा झाला. पोरगी शाळेतून आली ती दप्तर कोपऱ्यात भिरकावून सरळ झोपली.

त्यानंतरच्या रविवारी मुदीरने कंटाळून विचारलं, उत्तर ठाऊक असल्यासारखं, पेनसुद्धा न ठेवता.

"मी तयार आहे," वारस म्हणाला.

मला राग आला. का आला माहीत नाही. मला हवं ते मिळालं होतं. पण सहा महिने डोळ्यांत तेल घालून राखलेल्या दारातून कुणीतरी न विचारता आत-बाहेर करत होतं, असं मला वाटलं. तेवढ्यात मुदीर हसला, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. आता उशीर झाला, तो म्हणाला. एवढं शिकायला ज्याला एवढा वेळ लागतो त्याला ही खुर्ची झेपायची नाही. धाहरानहून एक हुशार मुलगी येतेय, उस्तादने दोन आठवड्यांत काम तिच्या हवाली करावं. आणि वारसाची बदली दूर उत्तरेच्या वाळवंटातल्या हफ्र अल बातिनच्या शाखेत, काउंटरवर, याच महिन्यापासून.

वारस 'हाजिर' म्हणाला. जी साहेब.

माझी गाडी तोवर विकून झाली होती. शेवटच्या आठवड्यात तो म्हणाला, घरी सोडतो. मी बसलो, पण बॅग मांडीवर घट्ट धरून. दोन सिग्नल गेले. मला राहवेना.

"तुला काम कधीपासून येत होतं?"

"ऑक्टोबरपासून."

"आणि तो जुना प्रोग्राम?"

तो म्हणाला, नोव्हेंबरात मागच्या वर्षांचे रेकॉर्ड बघताना दिसलं की वर्षअखेरीला तेवढाच एक थांबलेला असतो. सोपं होतं.

"मग 'अजून नाही' का म्हणत राहिलास?"

रस्त्याकडे बघत तो हळूहळू बोलला. तुम्ही फोनवर घरी बोलायचात, म्हणाला, तुमची भाषा मला कळत नाही, पण 'ट्वेल्थ', 'बोर्ड एक्झाम', 'लास्ट पेपर', 'एप्रिल' हे कळायचं. आम्ही मराठी माणसं गुप्त बोलतो आणि त्यात कामाचे सगळे शब्द इंग्रजी घालतो, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

"माझ्या शाळेच्या शेवटच्या वर्षी वडिलांची बदली झाली," तो म्हणाला. "हफ्र अल बातिनलाच. वर्षाच्या मधे. मी नापास झालो. ते वर्ष मला पुन्हा करावं लागलं."

आता त्याचा थोरला मुलगा नववीत होता. त्याला मधेच उचलायचं नाही म्हणून बायको-मुलं परीक्षा होईपर्यंत रियाधलाच राहणार होती. हा दर गुरुवारी संध्याकाळी पाच तास गाडी मारत येणार आणि शनिवारी परत जाणार. हे त्याने अगदी साधं सांगितलं, पेट्रोल कुठे भरायचं वगैरे. मी म्हटलं, मी उद्या मुदीरला सांगतो, तुला सगळं ऑक्टोबरपासून येतंय.

"काय सांगणार?" तो म्हणाला. "की मी सहा महिने त्याच्याशी खोटं बोललो? काउंटरसुद्धा जाईल, उस्ताद."

इमारतीखाली गाडी थांबली तेव्हा पोरगी खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, दूध घेऊन येत होती. त्याने काच खाली केली आणि तिला विचारलं, पेपर कसे गेले? तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. "चांगले गेले, अंकल," ती इंग्रजीत म्हणाली, आणि सवयीने जोडलं, "फक्त फिजिक्स थोडं लेंदी होतं." तो हसला, अल्हम्दुलिल्लाह म्हणाला, आणि निघून गेला.

वर आलो तर बायको खिडकीपाशीच उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

"काय हवं होतं त्याला?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

"असं कसं काही नाही?" ती म्हणाली. "खरं सांगा."

मी पुन्हा तेच सांगितलं. तिचा काही विश्वास बसला नाही.